तारणारा आणि रोजचा दिवस : पंडिता रमाबाईंची साक्ष

ख्रिस्ती धर्माचा सर्व भार एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘तारणारा’. ‘येशू’ या मूळच्या हिब्रू नांवाचा अर्थच मुळीं ‘परमेश्वर तारण करतो’ असा आहे. मनुष्यानें पुण्यसंचय करीत करीत ईश्वराच्या द्वारापर्यंत चढून जावें, अशी येथें अपेक्षा नाहीं. मनुष्याला तें साधत नाहीं, म्हणून ईश्वरच खालीं उतरतो आणि पडलेल्याचा हात धरून त्याला उठवितो, असा हा विश्वास आहे. आपल्या भक्तिमार्गांत ‘पतितपावन’ हें नांव लहानथोरांच्या ओठीं आहे. त्यामुळें मराठी श्रोत्याला ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये.

परंतु विश्वास कोणताहि असो, त्याला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. असा विश्वास बाळगणाऱ्याचा पहांटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्या विश्वासानें कांहीं बदलतो काय? याचें उत्तर वादग्रंथांतून काढण्यापेक्षां एखाद्या चरित्रांत शोधणें मला अधिक बरें वाटतें; आणि असें एक चरित्र आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. तें पंडिता रमाबाईंचें.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् आणि तितकेच निश्चयी. लोकनिंदा सोसून त्यांनीं पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें ती विद्या आपल्या मुलीला दिली. पुढें हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडूं लागलें. जें द्रव्य मिळे तें दानधर्मांत जाई. स्नान, उपास, जप, ब्राह्मणभोजन यांत कसूर म्हणून नव्हती. अखेर दुष्काळानें गांठलें. भांडीं, दागिने, वस्त्रें विकून झालीं. मजुरी करावयास हात शिकले नव्हते आणि भिक्षा मागावयास मन धजत नव्हतें. जलसमाधि घेण्याचाहि विचार झाला. तेव्हां भाऊ श्रीनिवास यानें, अभिमान सोडून मी वाटेल ती मजुरी करीन, असें बोलून दाखविलें. पण थोड्याच अवधींत वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघें गेलीं. आईच्या प्रेताला हात लावावयास दोनच ब्राह्मण पुढें आले. ते दोघे, भाऊ, आणि चौथी रमा. तिची उंची कमी. तिरडी खांद्यावर पेलेना, म्हणून तिनें ती डोक्यावर घेतली. ही आठवण रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेविली आहे.

यानंतर बहीणभाऊ शेंकडों कोस पायीं हिंडले. १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांनीं त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु पदवीनें मनाची भूक भागली नाहीं. इतकें सारें यथासांग करूनहि देवानें कां उपेक्षिलें, हा प्रश्न आंत खुपतच होता. १८८० सालीं भाऊ गेला. १८८२ सालीं पति बिपिनबिहारी पटकीनें गेले. त्या वेळीं रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर वर्षाचीहि न झालेली मनोरमा होती.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज त्यांनीं स्थापिला, आणि १८८३ सालीं अधिक शिक्षणासाठीं इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहत होत्या. एकदां त्यांना लंडनमधील फुलहॅम येथें त्या भगिनींचें एक सेवागृह पाहावयास पाठविलें. ज्यांना समाजानें ‘पतित’ म्हणून टाकिलें होतें अशा स्त्रिया तेथें होत्या. त्यांच्याशीं कोणी तिरस्कारानें बोलत नव्हतें. कुलीन घरच्या भगिनी त्यांची शुश्रूषा करीत होत्या. अशा स्त्रियांसाठीं कांहीं करावयाचें असतें, ही गोष्टच रमाबाईंच्या पाहण्यांत पूर्वीं कधीं आली नव्हती. तुम्ही हें कां करितां, असें त्यांनीं विचारलें. उत्तरादाखल एका भगिनीनें त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. भर दुपारीं एकटीच विहिरीवर आलेली, परजातीची, बदलौकिकाची ती बाई. आणि येशू तिच्यापाशीं पाणी मागतो, तिच्याशीं ईश्वराविषयीं बोलतो. हा खरोखर जगाचा तारक असला पाहिजे, असें रमाबाईंच्या मनानें घेतलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनीं आपली बुद्धि कोणाच्या पायाशीं ठेविली नाहीं. येशूचें ईश्वरत्व, त्रैक्याचा सिद्धान्त, धर्मगुरूंचा अधिकार, या सर्वांविषयीं त्यांनीं आपल्या गुरुभगिनींशीं पत्रांतून कडकडून वाद केला. मीं सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य मोठ्या कष्टानें मिळविलें आहे, तें मी सोडणार नाहीं, असा त्या पत्रांचा सूर आहे. आणि पुढें १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मनिवेदनांत त्या निःसंकोचपणें कबूल करितात कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. १८९१ सालीं त्यांना उमगलें कीं तारण हें कमवावयाचें वेतन नसून, जसें आहों तशा स्थितींत हात पसरून घ्यावयाचें दान आहे. लहानपणापासून मानेवर बसलेलें ओझें त्या वेळीं उतरलें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ज्याला सर्व फुकट मिळालें तो स्वस्थ बसेल, असें कोणालाहि वाटेल. रमाबाईंच्या बाबतींत उलट घडलें. ज्याला पात्रता न पाहतां उचललें गेलें, त्याला दुसऱ्याची पात्रता पाहण्याचा अधिकार राहत नाहीं; हा धडा त्यांनीं त्या विश्वासांतून घेतला, असें त्यांचें पुढील सर्व आयुष्य सांगतें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन काढिलें होतें, तें पुढें पुण्यास आलें. तेथें शिकलेल्या गोदूबाई १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, आणि हिंदूच राहिल्या. परंतु त्याच वर्षीं मोठें वादळ उठलें. सदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील, असें आश्वासन दिलेलें होतें. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली जाऊन बसतात, ही तक्रार झाली. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. माझ्या खोलीचें दार मी कोणालाहि बंद करणार नाहीं, हें रमाबाईंचें म्हणणें. ज्यांनीं विश्वासानें मुली सोंपविल्या त्यांचा विश्वासघात होऊं नये, हें दुसऱ्या पक्षाचें. या वादांत दोन्ही बाजूंस वजन होतें, हें आज इतक्या वर्षांनीं शांतपणें मान्य करावयास हरकत नसावी. तारणाऱ्याचें नांव घेणाऱ्यास, आपलें प्रेम अटीवांचून आहे हें लोकांस पटवून देणें किती कठीण जातें, याचा तो प्रसंग साक्षी आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. आपल्या आईबापांचे शेवटचे दिवस आठवून रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. मदतछावण्यांतील निराधार तरुण मुलींची जी दुर्दशा त्यांनीं पाहिली, ती त्यांच्यानें पाहवली नाहीं. सुमारें तीनशें मुली व बायका त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेगमुळें इतक्या जणींस ठेवितां येईना, तेव्हां केडगांवच्या माळावर घेतलेल्या जमिनींत झोंपड्या व तंबू उभारून त्यांची सोय केली. हेंच ‘मुक्तिसदन’. १९०० सालीं गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांवर गेली.

मुक्ति हें नांव, पण तेथील दिवस कामाचा. आलेल्या मुली हाडांचे सांपळे होत्या, कित्येक रोगानें ग्रासलेल्या. कोणी तरी त्यांना न्हाऊं घालावयाचें, जखमा धुवावयाच्या, पेज भरवावयाची. बऱ्या झाल्या कीं अक्षरओळख आणि त्याबरोबर हाताला एक धंदा : शेत, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतें, छापखाना. आंधळ्या मुली ब्रेल लिपीनें वाचावयास शिकत. ‘पतित’ स्त्रियांसाठीं निराळें कृपासदन होतें. फुलहॅमचें बीज असें केडगांवीं रुजलें. पोथी जाणणारें पण हातानें पोट भरूं न शकणारें जें घर दुष्काळानें बुडविलें, त्याच घरच्या मुलीनें हें उभारिलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या घाण्याचा व मागाचा अर्थ अधिक कळतो. तेथें प्रार्थना व दळण यांत उच्चनीच भाव नव्हता.

रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. तें सुमारें अठरा वर्षें चाललें. खेड्यांतील बाईला कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह. खिळे जुळविण्याचें काम सदनांतल्याच बायकांनीं केलें. ज्यांना एके काळीं अक्षर ठाऊक नव्हतें, त्यांच्या बोटांखालून तो ग्रंथ गेला. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी, कामांतला उजवा हात. तरीहि काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला.

केडगांवची ती संस्था आजहि निराधारांना आसरा देत आहे. तारणाऱ्यावर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा, हें ज्यानें त्यानें आपल्या अंतःकरणांत ठरवावें. तें सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. पण विश्वासाची परीक्षा कोठें होते, हें या चरित्रावरून सांगतां येतें. ज्या मुलीला आईची तिरडी डोक्यावर घ्यावी लागली, कारण दुसरें कोणी आलें नाहीं, ती मोठेपणीं, कोणी बोलावण्याची वाट न पाहतां, अनोळखी मुलींना उचलावयास गेली. आपण तारले गेलों आहों, या म्हणण्याला त्यांच्या आयुष्यांत हा अर्थ होता.