दार्जिलिंग कुणाचं? भेट मिळालेल्या डोंगराची गोष्ट

आज इतिहासाची सुरुवात एका रिअॅलिटी शोपासून करते. २००७ सालचा ‘इंडियन आयडॉल’ आठवतोय? तुमच्यातले बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील, काही जण तर जन्मलेही नसतील. त्या सीझनमध्ये प्रशांत तमांग जिंकला. कोलकाता पोलिसांतला कॉन्स्टेबल, घर दार्जिलिंगचं. तेव्हा मतं एसएमएसने जायची, आणि त्याला जिंकवायला डोंगरातल्या लोकांनी अक्षरशः वर्गणी काढली होती. तो जिंकला आणि दिल्लीतल्या एका रेडिओ जॉकीने विनोद केला. आशय असा, की हे लोक गाणी म्हणायला लागले तर आपल्या घरांची राखण कोण करणार?

त्या विनोदावरून सिलिगुडीत दंगल झाली, संचारबंदी लागली. प्रशांतसाठी मतं गोळा करणाऱ्यांत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी काही दिवसांतच, ऑक्टोबर २००७ मध्ये, नवा पक्ष काढला: गोरखा जनमुक्ती मोर्चा. वेगळ्या गोरखालँड राज्याची मागणी पुन्हा पेटली.

एका पाणचट विनोदाने एवढं? हो. कारण तो विनोद नवा नव्हता. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ‘गुरखा’ हा शब्द आपण कसा वापरतो बघा. माणसाची जमात म्हणून नाही, नोकरी म्हणून. ‘सोसायटीचा गुरखा.’ आणि पुढचा प्रश्न ठरलेला: “नेपाळ से हो?” समोरचा माणूस दार्जिलिंगचा असेल, त्याच्या पाच पिढ्या भारतात गेल्या असतील, आजोबा भारतीय सैन्यात असतील, तरी हा प्रश्न येतोच. हा प्रश्न कुठून आला, ते आज बघू.

आधी नकाशा. फोन हातात आहेच, तर दार्जिलिंग उघडून जरा झूम आउट करा. पश्चिमेला नेपाळ, उत्तरेला सिक्कीम, दक्षिणेच्या टोकाला फांसीदेवापाशी बांगलादेश. २०१७ मध्ये कालिम्पाँग वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हा जिल्हा पूर्वेला भूतानलाही टेकत होता. आणि सिक्कीम १९७५ पर्यंत भारतात नव्हता, हेही लक्षात ठेवा. म्हणजे बांगलादेश झाल्यानंतर काही वर्षं या एका जिल्ह्याला चार वेगळे शेजारी होते! खाली सिलिगुडीजवळ भारताची ती प्रसिद्ध चिंचोळी पट्टी, जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंदीची. ईशान्येकडे जाणारी रेल्वे आणि रस्ते तिथूनच जातात.

उंचीचा खेळही जबरदस्त आहे. सिलिगुडी समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटरच्या आसपास. छोटी रेल्वे वळणं घेत, मागेपुढे होत घूम स्टेशनला पोचते तेव्हा आपण २२५८ मीटरवर असतो, आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटर वर. नेपाळच्या सीमेवर सिंगालीला डोंगररांगेत संदकफू ३६३६ मीटर. त्या रांगेवरून चालणारे ट्रेकर्स सांगतात की वाट कधी भारतात असते, कधी नेपाळात. चहा नेपाळमधल्या तुमलिंगमध्ये, पुढचा मुक्काम भारतात. मानेभंज्यांग नावाच्या बाजारगावात तर गावातूनच सीमा जाते. कुंपण नाही. इथल्या लोकांसाठी सीमा म्हणजे ओलांडायची रोजची जागा. ती त्यांच्याकडे बोट दाखवायची रेषा झाली, ते खूप नंतर.

आता १८३५ मध्ये जाऊ. त्याआधीची गोष्ट थोडक्यात: हा डोंगर सिक्कीमचा. अठराव्या शतकाच्या शेवटी नेपाळच्या गोरखा राज्याने तो जिंकला. मग इंग्रज-नेपाळ युद्ध, सुगौलीचा तह, आणि १८१७ च्या तितालियाच्या तहाने इंग्रजांनी मेची आणि तिस्ता नद्यांमधला मुलूख सिक्कीमच्या राजाला परत दिला. सीमेवरचा एक वाद मिटवायला निघालेले लॉइड आणि ग्रँट हे दोन इंग्रज १८२९ मध्ये या कड्यावर पोचले आणि हवेच्या प्रेमात पडले. कलकत्त्याच्या उकाड्यात आजारी पडणाऱ्या गोऱ्यांसाठी इथे आरोग्यधाम हवं, असं त्यांनी वर कळवलं.

१ फेब्रुवारी १८३५ चं दानपत्र फार छोटं आहे. सिक्कीमचा राजा म्हणतो, गव्हर्नर जनरलशी असलेल्या मैत्रीखातर मी दार्जिलिंग कंपनीला देतो. अमुक नदीच्या दक्षिणेचं, तमुक नदीच्या पूर्वेचं. क्षेत्रफळ १३८ चौरस मैल. राजाने आधी बदल्यात खालच्या मैदानातला एक भाग मागितला होता, तो काही मिळाला नाही. पुढे १८४१ पासून वर्षाला ३००० रुपये सुरू झाले, नंतर ६०००. आणि १८४९ मध्ये दार्जिलिंगचा सुपरिंटेंडंट कॅम्पबेल आणि वनस्पतीशास्त्रज्ञ हूकर यांना सिक्कीममध्ये अडकवून ठेवलं, तेव्हा इंग्रजांनी ते पैसे बंद केले आणि वर आणखी ६४० चौरस मैल घेतले. भेट म्हणून सुरू झालेला व्यवहार पंधरा वर्षांत दंडावर आला. कालिम्पाँगचा भाग नंतर आला, १८६४-६५ च्या युद्धात भूतानकडून.

इथे मला थांबायचंय. इंग्रजी कागदांत एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत येत राहतं: हा डोंगर जवळजवळ रिकामा होता. १८३९ मध्ये शंभर माणसंही नसावीत, असं गॅझेटिअर सांगतं. ते खरं मानलं तरी विचारायला हवं, रिकामा का होता? हा मुलूख लेपचांचा. ते स्वतःला ‘रोंग’ म्हणवतात. तिस्ता आणि रंगीत या नद्या म्हणजे त्यांच्या गोष्टीतले प्रियकर-प्रेयसी. एकीला वाट दाखवायला साप, दुसऱ्याला पक्षी. पक्षी वाटेत रेंगाळला आणि रंगीतला संगमावर पोचायला उशीर झाला. जिथे नदीनदीला अशी गोष्ट आहे, त्या जागेला रिकामी कसं म्हणायचं? झालं असं होतं, की १८२६ च्या सुमारास सिक्कीमच्या दरबारात एका लेपचा मंत्र्याचा खून झाला आणि त्याच्या बाजूचे बाराशेच्या आसपास लेपचा इथून नेपाळमध्ये पळून गेले. लॉइडला दिसला तो डोंगर नुकताच सोडलेला होता. शिवाय लेपचांची शेती फिरती. यंदा इथे, काही वर्षांनी पलीकडच्या उतारावर. फिरत्या शेतीची पडीक जमीन साहेबाच्या नजरेला मोकळीच दिसणार. पुढे तिच्यातली बरीच राखीव जंगलात गेली, बरीच चहात.

दानपत्र लिहिताना लेपचांना कुणी विचारलं नाही. मला वाटतं, ‘दार्जिलिंग कुणाचं’ या वादात हा मुद्दा बंगाली आणि गोरखा, दोन्ही बाजू जरा घाईने ओलांडतात.

मग माणसं आली कुठून? कॅम्पबेलने बोलावली. तो आधी काठमांडूच्या रेसिडेन्सीत होता, पूर्व नेपाळच्या लोकांची त्याला माहिती होती. दहा वर्षांत लोकसंख्या दहा हजारांवर गेली. १८४१ मध्ये त्याने आपल्या बागेत चहाचं बी लावून पाहिलं. १८५६ पासून व्यापारी मळे सुरू झाले आणि १८७४ पर्यंत ११३ मळे उभे राहिले. जनगणना बघा: १८७२ मध्ये ९४,७१२ माणसं, १९०१ मध्ये २,४९,११७.

ही माणसं म्हणजे राई, लिंबू, तमांग, मगर, गुरुंग, नेवार, आणि कामी, दमाई, सार्की या कारागीर जाती. आपण या सगळ्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणून मोकळे होतो. पण गंमत ऐका. गोरखा हे मध्य नेपाळमधल्या एका छोट्या राज्याचं नाव. पृथ्वीनारायण शाहच्या त्या राज्याने १७७० च्या दशकात पूर्वेचे राई आणि लिंबू मुलूख जिंकले. जमिनी गेल्या, कर वाढले, वेठबिगार आली. त्यातून सुटायला जे लोक डोंगर उतरून मळ्यांत आले, ते गोरखांचे जिंकलेले लोक होते! त्यांच्या भाषाही वेगळ्या. राईंच्याच कितीतरी बोली. लिंबूंची लिपी वेगळी, तमांग बौद्ध.

मळ्याच्या लायनीत ही सगळी शेजारी राहिली. पानं खुडताना, मुकादमाशी भांडताना, लग्नं जुळवताना सगळ्यांना कळेल अशी एक भाषा लागली, ती नेपाळी. तिकडे राणांच्या राजवटीत नेपाळमध्ये छापखान्यावर करडी नजर होती, त्यामुळे आधुनिक नेपाळी साहित्य मोठ्या प्रमाणावर बनारस आणि दार्जिलिंगमध्ये घडलं. १९०१ मध्ये दार्जिलिंगहून ‘गोर्खे खबर कागत’ निघायला लागलं. १९२४ मध्ये नेपाळी साहित्य संमेलन स्थापन झालं. सूर्यविक्रम ज्ञवाली, धरणीधर कोइराला आणि पारसमणी प्रधान या तिघांना आजही ‘सुधपा’ म्हणतात, तीन नावांची पहिली अक्षरं. म्हणजे ही नेपाळहून तयार आणलेली ओळख नाही. ती बरीचशी इथे, भारतात, चहाच्या उतारांवर तयार झाली. सैन्यभरतीने तिला ‘गोरखा’ हे नाव पक्कं केलं.

आता ‘नेपाळ से हो?’ हा प्रश्न परत ऐका.

तंजावरमध्ये साडेतीनशे वर्षं मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांना कुणी ‘महाराष्ट्रात परत जा’ म्हटलं तरी भारताबाहेर जा असं होत नाही. नेपाळी बोलणाऱ्याचं दुर्दैव हे की त्याच्या भाषेच्या नावाचा एक वेगळा देश आहे. त्यात १९५० चा भारत-नेपाळ करार. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची सवलत दिली. चांगली गोष्ट. पण त्यामुळे डोंगरातला भारतीय आणि काल आलेला नेपाळी नागरिक यांत बाहेरच्याला फरकच दिसेना. ज्या दार्जिलिंगचे अरी बहादूर गुरुंग संविधान सभेचे सदस्य होते, तिथल्या माणसाला नागरिकत्व सिद्ध करायला लावलं जाऊ लागलं. १९८६ मध्ये मेघालयातून नेपाळी भाषकांना हाकललं, तेव्हा ही भीती खरी ठरली.

म्हणूनच सुभाष घिसिंग यांच्या आंदोलनात लोक त्या कराराच्या प्रती जाळत होते. २७ जुलै १९८६ ला कालिम्पाँगमध्ये अशाच कार्यक्रमात पोलिसांचा गोळीबार झाला, किमान तेरा जण गेले. पुढच्या दोन वर्षांत एकूण बाराशेच्या आसपास माणसं मेली असं सांगितलं जातं. मिळालं काय, तर १९८८ ची दार्जिलिंग गोरखा हिल कौन्सिल. राज्य नाही, परिषद. १९९२ मध्ये नेपाळी आठव्या अनुसूचीत आली, कोकणी आणि मणिपुरीबरोबर. २०११ च्या करारातून आणखी एक प्रशासन, जीटीए.

आणि वेगळं होण्याची मागणी १९८० च्या दशकात उगवली असंही नाही. १९०७ मध्येच डोंगरी लोकांच्या संघटनेने वेगळ्या प्रशासनाचा अर्ज केला होता. आपण संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्यांची मुलं-नातवंडं, भाषेवर राज्य मागणं ही आपल्याला विचित्र गोष्ट वाटू नये. मात्र बंगालची बाजूही समजून घ्या. फाळणीने अर्धा प्रांत गेलेला, त्यातून उरलेल्याचा आणखी तुकडा द्यायची कल्पना तिथे जखमेवर बोट ठेवते. आणि त्या चिंचोळ्या पट्टीला लागून नवं राज्य करायला दिल्लीही कचरते.

२०१७ मध्ये शाळांत बंगाली सक्तीची होणार या घोषणेवरून ठिणगी पडली आणि १०४ दिवस बंद चालला. जवळपास शंभर दिवस इंटरनेट नव्हतं. जरा कल्पना करा, तुमच्या फोनवर जून ते सप्टेंबर काहीच नाही. जूनमधली दुसऱ्या बहराची पानं, महाग विकली जाणारी, झाडावरच राठ झाली.

या सगळ्यात एक गोष्ट मला राज्याच्या मागणीपेक्षाही जास्त टोचते. चहामळ्याची जमीन सरकारची, मळेवाल्याकडे भाडेपट्ट्याने. मजुराचं घर मळ्याचं. पूर्वी ‘हट्टाबाहार’ नावाचा प्रकार होता: साहेबाची मर्जी फिरली की अख्खं कुटुंब मळ्याबाहेर. १९५५ च्या जूनमध्ये मार्गारेट्स होप मळ्यात मजुरांनी इतर मागण्यांबरोबर हे बंद करा म्हणून मोर्चा काढला, तर गोळीबारात सहा जण मेले. ती प्रथा गेली, पण जमिनीचा कागद काही आला नाही. घरातल्या कुणीतरी मळ्यात काम करत राहायचं, म्हणजे घर टिकतं. पणजोबाने बांधलेल्या ओट्यावर बसलेल्या माणसाकडे त्या ओट्याचा सातबारा नाही, आणि दिल्लीत-मुंबईत त्याला विचारतात, तू मूळचा कुठला?

आता मळ्यांत ‘पर्जा पट्टा’ हा शब्द कायम ऐकू येतो. पर्जा म्हणजे प्रजा, रयत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या परसाचा, राहत्या घराचा हक्क. सरकारने पाच डेसिमल जमीन देऊ केली, म्हणजे साधारण दोन गुंठे. तर बऱ्याच मळ्यांतून उत्तर आलं: आमच्याकडे आत्ताच याहून जास्त आहे, सगळी मोजा आणि मग कागद द्या.

पुढच्या भागात तिस्ता ओलांडून कालिम्पाँगला जाऊ. तिबेटची लोकर, खेचरांचे तांडे, आणि १९६२ नंतर एका बाजारपेठेचं काय झालं, ते ऐकवते.