बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचे धर्मांतर शिकवताना आम्ही २९ सप्टेंबर १८८३ या तारखेपाशी थांबत आलो. इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, इकडे गदारोळ उडाला, की पुढचे प्रकरण सुरू. पिंपळगाव राजाहून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, "सर, बाप्तिस्मा झाल्यावरही तारण व्हायचे राहते का?" तिने रमाबाईंची १९०७ सालची इंग्रजी 'साक्ष' वाचली होती.

तीत रमाबाई स्वतःच सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. ही जाणीव होण्यास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त कारण झाले. हे गृहस्थ दीक्षित पाद्री असूनही १८५१ मध्ये स्वतःचेच प्रवचन करता करता पालटले. पाद्र्याचे तारण राहून जाते, तर आपले काय?

मनुष्य कर्माने नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, हे लूथरने पौलाच्या पत्रांतून मांडले. त्याची खात्री याच जन्मी मनाला होऊ शकते, हे वेस्लीने १७३८ मध्ये अनुभवले. रमाबाईंपाशी हा प्रश्न निव्वळ ईश्वरशास्त्राचा नव्हता. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे कुटुंब वर्षानुवर्षे पुराणे सांगत, तीर्थे, व्रते, दाने करीत हिंडले आणि दुष्काळात आईवडील, थोरली बहीण गेली. पुण्य साठवीत राहायचे आणि ते पुरेसे झाले की नाही हे कधीच कळू नये, हा जाच त्यांनी पाहिला होता. पुढे कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचली, तेव्हा पतिसेवेवाचून स्त्रीला मोक्षाची वाटच नाही असे त्यांना आढळले. पात्रतेची अट नसलेले तारण अशा स्त्रीला काय वाटले असेल! (कृपेचा विचार वारकऱ्यांकडेही आहे, हे आम्ही विसरत नाही, रमाबाईंचा झगडा कर्मकांडाशी आणि शास्त्रवचनांशी होता.)

ही खात्री म्हणजे चर्चपुढे मान तुकवणे नव्हे. त्याआधी सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यांवर वाद घातला होता.

पण १८९१ नंतर शारदा सदनात अडचण उभी राहिली. धर्मप्रसार न करण्याचे वचन होते. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेचे दार मात्र उघडे असे आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग आम्हांला अनाठायी वाटत नाही. तरीही ते दार लावून घेणे रमाबाईंना का जमले नसावे, हे १८८३ च्या तारखेवरून कळत नाही.