राउटर टेबल

राउटर टेबल हे सुतारकामात वापरले जाणारे मेज आहे. विजेवर चालणारे राउटर यंत्र त्याखाली उलटे बसवलेले असते आणि बिट, म्हणजे यंत्राचे फिरते पाते, पृष्ठभागातील छिद्रातून वर येते. यंत्र लाकडावर फिरवण्याऐवजी येथे लाकूड बिटवरून सरकवले जाते. त्यामुळे अरुंद पट्ट्यांवर काम करणे सोपे होते.

रचना

घरगुती मेजाचा पृष्ठभाग बहुधा एमडीएफ किंवा प्लायवूडचा असतो. तो वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना लॅमिनेट चिकटवतात. बिटच्या मागे सरकती आधारपट्टी असते. बिट गोल फिरत असल्याने ही पट्टी मेजाच्या कडेला समांतर असण्याची गरज नसते.

उपयोग

कडांना गोलाई वा नक्षी देणे, खाचा पाडणे आणि सांधे तयार करणे ही कामे यावर होतात. आधारपट्टीचा डावा भाग काढायच्या थराइतका पुढे घेतल्यास रंध्याप्रमाणे कड सरळ करता येते.

सुरक्षितता

वरून पाहता बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. म्हणून आधारपट्टीला टेकवलेले लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवतात. उलट दिशेने सरकवल्यास बिट लाकूड ओढून घेते आणि हात बिटकडे खेचला जाण्याचा धोका असतो. बिट व आधारपट्टी यांच्यामधून लाकूड नेणेही याच कारणाने धोकादायक ठरते. मोठ्या व्यासाच्या बिटसाठी वेग कमी ठेवतात, तर खोल खाच अनेक टप्प्यांत पाडतात.