रस्त्याकडेचे विमान

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, सुपीरिअर सरोवराच्या दक्षिणेला, पॉप्लर नावाचे लहानसे गाव आहे. वस्ती सहाशेच्या आसपास. महामार्गाने जाणाऱ्या माणसाच्या नजरेतून सहज निसटावे असे. पण १९५५ पासून सुमारे चार दशके तसे होत नसे. रस्त्यालगत, शाळेजवळ, उंचावर एक लढाऊ विमान उभे होते. दोन इंजिनांचे, दुहेरी शेपटीचे ‘पी-३८ लाइटनिंग’. गावाने आपल्या रिचर्ड बाँगची ही आठवण उभारली होती.

बाँग शेतकऱ्याचा मुलगा. नऊ भावंडांत थोरला. १९२८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज त्या भागात मुक्कामाला होते. त्यांची टपाल घेऊन येणारे विमान बाँगच्या शेतावरून जाई. सात वर्षांच्या मुलाला त्याचे वेड लागले. १९४१ मध्ये तो सैन्यात गेला आणि वैमानिक झाला.

पोरकटपणा मात्र गेला नव्हता. कॅलिफोर्नियात शिकत असताना फार खालून विमाने उडवल्याबद्दल त्याला जनरल केनी यांच्यापुढे उभे राहावे लागले. केनी नंतर सांगत, की एका बाईचे वाळत घातलेले धुणे विमानाच्या वाऱ्याने उडाले, तेव्हा तिचे धुणे वाळत घालून देण्याची शिक्षा आपण त्याला केली. पुढे केनी यांनीच त्याला पॅसिफिकच्या आघाडीवर नेले.

२७ डिसेंबर १९४२ रोजी न्यू गिनीत त्याच्या नावावर पहिली विमाने लागली. दोन वर्षांनी, १९४४ च्या डिसेंबरात, आकडा चाळीसवर पोहोचला. अमेरिकेच्या कोणत्याही वैमानिकाने तो आजवर ओलांडलेला नाही. आपला नेम फारसा चांगला नाही, म्हणून शत्रूच्या अगदी जवळ जावे लागते, असे तो म्हणे. त्याच महिन्यात जनरल मॅकआर्थर यांनी त्याला सर्वोच्च शौर्यपदक दिले. असा माणूस गमवायला नको म्हणून वरिष्ठांनी त्याला मायदेशी धाडले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये मार्जशी त्याचे लग्न झाले. आघाडीवर असताना त्याने तिचाच फोटो विमानाच्या नाकाडावर लावला होता आणि विमानाला नावही ‘मार्ज’ दिले होते. आता काम होते नव्या जेट विमानांच्या चाचणीचे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी कॅलिफोर्नियात उड्डाणानंतर काही क्षणांतच इंधनाच्या पंपाने दगा दिला. बाँग बाहेर पडला, पण जमीन फार जवळ होती. चोविसाव्या वर्षी तो गेला. जपानात त्याच तारखेला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला होता. दुसऱ्या दिवशीच्या अमेरिकन वृत्तपत्रांत दोन्ही बातम्या होत्या.

ज्याला वाचवण्यासाठी युद्धातून परत आणले, तो घरी आल्यावर गेला. आणि ज्या चाळीस विमानांमुळे त्याचे नाव झाले, त्यांतही कुणाची तरी मुलेच होती. स्मारकाच्या पाटीवर आकडा मावतो, या दोन गोष्टी मावत नाहीत.

पॉप्लरचे विमान बाँगने कधी उडवलेले नव्हते. ते केवळ त्याच जातीचे होते. ऊन-पावसाने झिजल्यावर १९९४ मध्ये ते दुरुस्तीसाठी उतरवले गेले आणि २००२ पासून जवळच्या सुपीरिअर शहरातील बाँगच्या नावाच्या संग्रहालयात आहे. खरी ‘मार्ज’ मार्च १९४४ मध्येच दुसऱ्या वैमानिकाच्या हाती असताना न्यू गिनीत कोसळली होती. तो वैमानिक हवाई छत्रीने वाचला. विमानाचे अवशेष रानात सापडले ते २०२४ मध्ये, ऐंशी वर्षांनी. स्वतः मार्ज २००३ मध्येच वारल्या होत्या.

बाँगला मात्र गावाने लांब जाऊ दिले नाही. त्याची कबर पॉप्लरमध्येच आहे.