पहिली वाकळ

घरातील म्हातारी देवाघरी गेली, महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे परतले, म्हणजे पेटीतली लुगडी तेवढी मागे उरतात. ती वाटून टाकण्यास जीव होत नाही, आणि नेसावीत तर विरलेली. बीड जिल्ह्यातील खेड्यांत या प्रश्नाला जुने उत्तर आहे : त्यांची वाकळ शिवावी. कोणी तिला गोधडी म्हणतात. परंतु जिने आजवर टाका घातला नाही, तिचा हात आईच्या लुगड्याला कात्री लावताना थबकतोच. अशा लेकीसुनांसाठी या वाकळेचा थोडा पूर्वेतिहास आम्ही येथे मांडीत आहोत.

वाकळ हौसेतून जन्मली नाही. बीड हा बालाघाटच्या डोंगररांगांचा, अवर्षणाचा मुलूख. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, परंतु लुगडे विरेपर्यंत नेसायचे, मग त्याची बाळाला झोळी, दुपटे आणि सरतेशेवटी वाकळ करायची, हा क्रम बदलला नाही. दसरा-दिवाळीनंतर येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. थंडीचे महिने कोपीत काढायचे, तर कोयत्याबरोबर वाकळही गाडीत चढलीच पाहिजे. १९७७ साली अमरावतीपासून वेगळ्या झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात हा जिल्हा मोडतो. तेथील धर्मगुरूंना ही गाठोडी अनोळखी नसावीत.

आपल्या ख्रिस्ती वाचकांना याहून जवळची वाटेल अशी वाकळ उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात आढळते. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी काही जण निसटून या अरण्यांत आले. त्यांचे वंशज सिद्दी. त्यांच्यात कॅथलिक आहेत, मुसलमान आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून जे पांघरूण शिवतात त्याला कवंदी म्हणतात. कॅथलिक बाईच्या कवंदीवर पुष्कळदा क्रूस उमटतो. चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. ज्या पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालच्या रेशमी भरतकामाच्या रजया लिस्बनला गेल्या, त्यांच्याच गुलामांच्या लेकींनी ही चिंध्यांची रजई रचावी, हे आम्हांस विलक्षण वाटते. त्या रेशमी रजया वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. कवंदी काय, वाकळ काय, अंगावरच झिजून संपते.

आता कात्रीविषयी. लुगडे मध्यभागी आधी विरते. काठ आणि पदर टिकून राहतात. म्हणून काठ-पदर वरच्या थरासाठी वेगळे काढावेत, विरलेला भाग आत घालावा, खाली मजबूत अस्तर घ्यावे. मुलाचा प्रथम ख्रिस्तशरीराचा सदरा, बाबांचे धोतर, सारे चालते. मात्र सुती असावे. एखादे नवे कापड घ्यावेच लागले तर आधी धुऊन आटवून घ्यावे. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला का लावू नये, हे प्रभू येशूने सांगितले, ते ऐकणाऱ्यांच्या घरातील नित्याचे ज्ञान होते. (मत्तय ९ : १६ वरील प्रवचनात हा कापड आटण्याचा मुद्दा क्वचितच येतो!)

प्रेषितांच्या कृत्यांतील नवव्या अध्यायातली तबिथाही येथे आठवते. यापो गावी ती वारली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे दाखविली. तिच्या दानाची किंवा शब्दांची यादी त्यांनी वाचली नाही. कपडे पुढे धरले.

थर जमिनीवर पसरावेत, सुरकुत्या हाताने सारून कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. जाड दोरा, मोठी सुई. साधा धावदोरा कडेकडेने घालीत आत आत जावे, म्हणजे चौकोनात चौकोन पडत जातात आणि थर सरकत नाहीत. पहिल्या वाकळेचे टाके वाकडे येतात, त्याची फिकीर नको. शिवणारी वाकळेवरच बसून शिवते. संध्याकाळी पोरे तिच्या मागे, अर्ध्या शिवलेल्या भागावर, आजीच्या काठाला गाल लावून झोपी गेलेली असतात.