फर्दापूरचा घाट आणि ओझ्याचे शब्द

अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी, जिथे पठार संपून खानदेशाची सपाटी सुरू होते, तिथे वसलेले फर्दापूर आज बहुतेकांना लेण्यांच्या फाट्यावरचा थांबा एवढ्यापुरतेच ठाऊक असते. परंतु बुऱ्हाणपूर आणि औरंगाबाद या मोगली दख्खनच्या दोन प्रमुख ठाण्यांना जोडणारा मार्ग येथल्या घाटाने चढत असे, औरंगजेबाच्या काळातली म्हणून सांगितली जाणारी सराय त्याची साक्ष आजही देते, आणि त्या मार्गावरून जे काही गेले, मग ते धान्य असो, मीठ असो, दारूगोळा असो की अंमलदाराचा तंबू असो, ते कुणाच्या तरी पाठीवरून, खांद्यावरून किंवा डोक्यावरून गेले. राजांच्या बखरी लिहिल्या गेल्या. या वाहणाऱ्यांची बखर कुणी लिहिली नाही. तिचे अवशेष शोधायचे तर ते आपल्या बोलण्यातच शोधावे लागतात.

घाटाचा धाक किती होता, हे मोगल इतिहासकार खाफीखानाने नोंदवलेल्या एका प्रसंगावरून कळते. १६८१ च्या जानेवारीअखेर मराठ्यांचे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने बुऱ्हाणपूरच्या पेठा लुटल्याची खबर औरंगाबादेस पोचताच मोगल सरदार खानजहान बहादूर घोड्यावर स्वार झाला आणि ३२ कोसांची मजल एका दिवस-रात्रीत मारून फर्दापूरच्या घाटाशी येऊन ठेपला. परंतु थकलेल्या जनावरांना दम देण्यासाठी आणि घाट ओलांडण्याच्या तजविजीसाठी त्याला तेथे काही प्रहर अडकून राहावे लागले, आणि तेवढ्या अवधीत मराठे लूट घेऊन साल्हेर किल्ल्याच्या वाटेला लागले. खानाने लाच घेऊन मुद्दाम वेळ काढला, अशीही वदंता त्या काळी होती. ती खरी असो वा नसो, घाटापाशी खोळंबणे ही सबब लोकांना पटण्याजोगी होती, एवढे मात्र त्यावरून निश्चित ठरते.

पुढे १८०३ साली, असईच्या लढाईनंतर, इंग्रज सेनानी जनरल वेलस्लीचा तळ फर्दापुरास पडला. त्या मोहिमेत फौजेच्या पोटाची भिस्त लमाणांच्या बैलांवर होती. गाडीरस्ता नसलेल्या मुलखात लदणीचे बैल हेच दळणवळण. बैलाच्या पाठीवर आडवी टाकलेली गोण दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची भरावी लागे, कारण एक बाजू जड झाली की चढणीवर ती घसरते आणि बैलाची पाठ सोलवटते. १८६० नंतरच्या दशकात खानदेशातून आगगाडी धावू लागली आणि लमाणांचा हा लदणीचा व्यापार पाहता पाहता बुडाला. तांडे मात्र राहिले; फर्दापूर ज्यात मोडते त्या सोयगाव तालुक्यात ते आजही आहेत, आणि ज्यांच्या पूर्वजांनी दख्खनला मीठ पुरवले त्यांच्या वाट्याला पुढे ऊसतोडीची कोयती आली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

ओझे वाहणाऱ्या समाजाची भाषा ओझ्याच्या बाबतीत किती काटेकोर असते, हे पाहण्यासारखे आहे. लाकडांची ती मोळी, गवताचा तो भारा, धान्याची गोणी, अंथरुणाची वळकटी, कपड्यांचे गाठोडे, घाईघाईने बांधलेले बोचके, खांद्यावरून पुढे-मागे सोडलेली पडशी, आणि आडव्या दांडीला दोन्हीकडे टांगलेली कावड. कशात काय आहे, ते कसे बांधले आहे आणि शरीराच्या कोणत्या भागावर पेलले आहे, हे सारे एका शब्दात सांगून टाकण्याची ही सोय, ज्याने ते प्रत्यक्ष उचलले त्यानेच केलेली असणार. आणि जे शरीराला सोसावे लागले तेच मनालाही लावले गेले. उपकाराखाली माणूस दबतो, कर्जाने वाकतो, पावसाळ्यात घाटातला रस्ता खचतो तसा घरातला कर्ता गेल्यावर माणूस खचतो, आणि धीर सुटला म्हणजे त्याची कंबर खचते. शरीराचा नेमका कोणता सांधा आधी दगा देतो, हे ठाऊक असल्यावाचून असा वाक्प्रचार घडत नाही.

काही शब्दांचे मूळ तर आपण पार विसरलो आहोत. मंत्रिमंडळात खांदेपालट झाला, असे वर्तमानपत्रात वाचताना मेणा वाहणारे, चालता चालता खांदा बदलणारे भोई कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. ज्याला ते पाहायचे असतील त्याने फर्दापूरजवळच्या अजिंठ्याच्या लेण्यांपाशी जावे. पायऱ्या चढणे ज्यांना अशक्य आहे अशा वृद्ध यात्रेकरूंना डोलीच्या खुर्चीत बसवून चौघेजण वर नेतात. पुढच्या दोघांचे गुडघे चढणीवर वाकलेले असतात, मागच्या दोघांचे हात खुर्ची समतोल राहावी म्हणून वर उचललेले असतात, आणि चौघांची पावले एका लयीत पडतात. तिथेच १६ व्या लेण्यात मान वर करून पाहिले, तर दगडात कोरलेल्या तुळयांची टोके बुटक्या गणांनी हातांनी तोलून धरलेली दिसतात. वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याने हे लेणे कोरवले, हे तेथल्या शिलालेखावरून कळते. कोरणाऱ्यांची नावे मात्र त्यात नाहीत.

वाकाटकांचा उल्लेख झाला म्हणून त्यांच्या ताम्रपटांतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक येथील दानपत्रात दान दिलेल्या गावाला ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांत सर्व प्रकारच्या 'विष्टी'तून सूट हीही आहे. ही विष्टी म्हणजेच आपली वेठ: मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम. ज्याअर्थी सूट लिहून द्यावी लागे, त्याअर्थी सूट नसलेल्या गावांना ती करावीच लागत असे. फारसी अमदानीत तिला बिगार हे जोडनाव मिळाले आणि वेठबिगार हा जोडशब्द रूढ झाला. सरकारी अंमलदाराचा मुक्काम हलला की त्याचे सामान पुढल्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे, आणि तेथून तिथल्या लोकांनी पुढे न्यायचे, असा हा क्रम होता. वतनाच्या नावाखाली त्याचा सर्वाधिक जाच गावोगावच्या महारांना सोसावा लागला. आज संप झाला की प्रवाशांना वेठीस धरले, असे आपण म्हणतो. मूळच्या वेठीत धरला जाणारा माणूस मात्र गैरसोयीने चडफडणारा प्रवासी नव्हता; पेरणीच्या दिवसांत शेत सोडून साहेबाची पेटी डोक्यावर घेणारा तो होता.

ओझ्याचे कागदी रूपही काही कमी जड नसते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढतो, आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवून घेण्यासाठी शेतकऱ्याला तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागतात. चढवणे आणि उतरवणे ही क्रियापदे महसूल खात्याने बैलाच्या पाठीवरून उचलली, यात मला संशय नाही. फरक इतकाच, की बैलाचे ओझे मुक्कामाला पोचल्यावर त्याच संध्याकाळी उतरत असे.

वेठीविरुद्धचा झगडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली महार वतनासंबंधीचे विधेयक मांडून मुंबईच्या कायदेमंडळात नेला. ते विधेयक त्या वेळी संमत होऊ शकले नाही. फर्दापूर तेव्हा निजामाच्या मुलखात होते आणि तो कायदा झाला असता तरी येथे लागू पडला नसता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, आणि २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने, 'बेगार' हा शब्द इंग्रजी मसुद्यातही जसाच्या तसा ठेवून, ती प्रथा देशभर बेकायदा ठरवली.