न जुळणारे काडतूस

नववीत असताना आपली सहल अजिंठ्याला गेली होती, ती आपल्या बॅचच्या बहुतेकांना आठवत असेल. डब्यातल्या पुऱ्या, एसटीच्या मागच्या बाकावरच्या भेंड्या आणि परतीच्या वाटेवर सिल्लोडजवळ पंक्चर झालेली गाडी. मला त्या दिवसातली आणखी एक गोष्ट आठवते. दहा क्रमांकाच्या लेण्यात इतिहासाच्या बाईंनी आम्हाला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे कोरलेले नाव दाखवले आणि सांगितले, की वाघाच्या शिकारीला आलेल्या या माणसाला २८ एप्रिल १८१९ रोजी ही लेणी दिसली. मी विचारले, "बाई, त्याच्याकडे बंदूक कोणती होती?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शोधून काढ आणि पुढच्या तासाला सांग."

पुढच्या तासाला मी काहीच सांगितले नाही. नंतर दहावी आली, बारावी आली, इंजिनिअरिंग झाले आणि मी संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये रमले. स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा तो राहिलेला गृहपाठ आठवला. त्यासोबत आठवली आजीची पुंगळी. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावी आजी सुया ज्या पितळी पुंगळीत ठेवायची, ती रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती. आजोबा तरुणपणी शिकारीच्या हाकाऱ्यांत जात. हातात काठी आणि रिकामा डबा. डबा बडवायचा, जनावर उठवायचे आणि मचाणावरच्या साहेबाच्या पुढ्यात आणून सोडायचे. बार झाल्यावर खाली पडलेली पुंगळी उचलून आणली, एवढाच त्यांचा बंदुकीशी संबंध.

आधी बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. १८१९ साली पितळी काडतूस प्रचारात नव्हते. स्मिथच्या काळातली बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर शिशाची गोळी गजाने ठासायची, आणि गारगोटीच्या ठिणगीने बार उडवायचा. लष्करात दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत एकत्र बांधून देत, तेच तेव्हाचे काडतूस. हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला.

त्या काळी बंदुकीचे माप मिलिमीटरमध्ये नव्हे, शिशाच्या वजनात सांगत. एक पौंड शिशातून नळीत बसतील अशा बारा गोळ्या झाल्या तर ती बारा बोअर, आठ झाल्या तर आठ बोअर. म्हणजे आकडा लहान तेवढी नळी मोठी. बारा बोअरची गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. हत्तीसारख्या जनावरासाठी वापरत ती चार बोअरची गोळी सुमारे ११३ ग्रॅमची, म्हणजे अंघोळीच्या साबणाच्या वडीपेक्षा जड. एवढी मोठी गोळी कशासाठी? काळ्या दारूने गोळीला ठरावीक मर्यादेपलीकडे वेग देता येत नसे. वेग वाढवता येत नाही म्हटल्यावर वजन वाढवायचे. मोठ्या बोअरच्या रायफलींचा जन्म या साध्या गणितातून झाला.

पुढे मात्र बोअर किती असावे हे गणिताबरोबर सरकारही ठरवू लागले. मला यातली खरी रोचक गोष्ट हीच वाटते.

१८५७ चे काडतूस आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहे. एनफिल्ड रायफलचे बोअर .५७७ इंच, म्हणजे साधारण साडेचौदा मिलिमीटर. तिच्या कागदी काडतुसाला चरबी लावलेली असे आणि ते दाताने फाडावे लागे. आपल्या शहरातल्या बंडाचे तात्कालिक कारण मात्र काडतूस नव्हते. इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ होते. आपल्याला दख्खनबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार या शंकेने जून १८५७ मध्ये ते बिथरले. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली. आपल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अली या दफेदाराला फाशी दिले गेले. आपण शाळेत जाता-येता ज्या क्रांती चौकातून सायकली दामटायचो, त्याचे जुने नाव काळा चबुतरा, आणि त्या नावाला याच शिक्षांची आठवण चिकटलेली आहे.

बंड मोडले, पण राज्यकर्त्यांची झोप उडाली ती उडालीच. त्यांनी एक तांत्रिक उपाय केला. देशी शिपायांसाठी बंदुकीचा वेगळा नमुना काढला. बाहेरून ती हुबेहूब एनफिल्ड, पण नळीच्या आतले पेच नाहीसे. नळी गुळगुळीत आणि बोअर सुमारे .६५ इंच. पेच नसल्याने गोळी फिरत जात नाही आणि लांबवर नेम लागत नाही. खांद्यावर घेतल्यावर गोऱ्या शिपायाच्या आणि देशी शिपायाच्या बंदुकीत फरक दिसत नसे. फरक नळीत डोकावल्यावर कळायचा.

पुढच्या दहा वर्षांत धातूचे काडतूस आले. पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू आणि तोंडाला गोळी, असे सगळे एका तुकड्यात. ठासण्याची कटकट संपली, पण एक नवी अट आली. पुंगळी बंदुकीच्या घरात तंतोतंत बसली पाहिजे. लांबी, काठ, मान, व्यास यांतले एक माप जरी चुकले तरी काडतूस निरुपयोगी. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कंपॅटिबिलिटी म्हणतो. दोन वस्तू एकमेकींशी बोलतील की नाही, हे त्यांच्या जोडणीच्या मापावर ठरते. घरात तीन मोबाइल आणि तीन वेगळे चार्जर असले की हे कोणालाही कळते. आमच्या धंद्यात न जुळणे हा दोष समजला जातो. इंग्रजांनी त्याचेच हत्यार केले.

गोऱ्या पलटणींना १८७१ ची मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा देशी पलटणींकडे जुनी स्नायडर आली. गोऱ्यांना १८८८ पासून .३०३ बोअरची रायफल मिळू लागली, तेव्हा देशींकडे मार्टिनी सरकली. एक पिढी मागे, हा नियमच. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते, पण त्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. विलायती बंदूक आणि काडतुसे यायची ती ब्रिटिशांच्या बंदरांतून आणि त्यांच्याच नियमांनी.

आता शिकारीच्या काडतुसांकडे वळू. मार्टिनीची गोळी .४५० बोअरची. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने शिकारीसाठी .४५० नायट्रो एक्सप्रेस आणले. काळ्या दारूऐवजी नवी धूरविरहित दारू, ३१ ग्रॅमची गोळी आणि सेकंदाला साधारण ६५५ मीटर वेग. लष्कराच्या .३०३ च्या दुपटीहून अधिक ताकद. आता चार बोअरच्या तोफेची गरज उरली नाही. गवा, हत्ती, वाघ यांच्यासाठी साहेब लोक आणि संस्थानिक हीच दुनळी पसंत करू लागले.

पण सरहद्दीवर आणि सुदानमध्ये जुन्या मार्टिनी बंडखोरांच्या हाती गेल्या होत्या. खैबरच्या बाजूचे कारागीर तर मार्टिनीच्या नकलाही घडवत. शिकारीच्या नावाखाली आलेले .४५० चे साहित्य या बंदुकांना पुरवले जाईल, ही सरकारची भीती. म्हणून १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी आली. काडतूस शिकारीचे असो की लष्करी, दोन्ही बंद.

बंदूक बनवणाऱ्यांना हिंदुस्थानसारखे गिऱ्हाईक सोडणे परवडणारे नव्हते. त्यांनी .४५० इतकेच जोरदार, पण .४५० नसलेले काडतूस शोधायला घेतले. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढले, जोसेफ लँगचे .४७० आले, शिवाय .४७५ चे एक-दोन प्रकार आले. .४७० ची गोळी ३२ ग्रॅमची आणि वेग जवळजवळ तेवढाच. वाघाला किंवा गव्याला यातला फरक कळण्याची शक्यता नाही. मार्टिनीच्या नळीला मात्र कळतो, कारण गोळी अर्धा मिलिमीटर जाड आहे आणि तिथे बसत नाही. आज जगभरचे शौकीन .४७० ला मोठ्या शिकारीचे अभिजात काडतूस म्हणतात. त्याचा आकडा कोणा संशोधकाच्या प्रयोगातून ठरला नाही. हिंदुस्थानच्या रयतेची जी धास्ती सरकारने घेतली होती, तिच्यातून तो ठरला.

हीच पद्धत .३०३ च्या बाबतीत चालली. ते लष्कराचे काडतूस म्हणून खासगी माणसाला मनाई. मग शिकाऱ्यांसाठी तशाच बनावटीच्या रायफली .३१५ बोअरमध्ये, म्हणजे आठ मिलिमीटरमध्ये, विकल्या जाऊ लागल्या. फरक जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढ्या मिलिमीटरचा. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी .३०३ रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून एकबारी .४१० मस्केट बनवल्या. १८५८ ची युक्ती नव्या पितळात.

स्वातंत्र्य आले तरी मापे तीच राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही 'प्रतिबंधित बोअर' ही कल्पना ठेवली. .३०३, ७.६२ मिलिमीटर, ९ मिलिमीटर ही सरकारी मापे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. आजही जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याचा अर्ज केला तर ज्या बोअरची रायफल मिळू शकते, त्यात आपल्या आयुध कारखान्यांची .३१५ आहे. मागे साम्राज्याची भीती नसली, तरी आकडा त्याच भीतीच्या काळातला.

मागच्या दिवाळीत आजीची पुंगळी उजेडात धरून तिचे बूड वाचले. 'के एफ' अशी दोन इंग्रजी अक्षरे आणि आठ मिलिमीटरचा आकडा. के एफ म्हणजे किर्की, आपली पुण्याजवळची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. म्हणजे आजोबांनी हाकाऱ्यात उचललेले काडतूस महाराष्ट्रातच घडले होते, आणि .३०३ नको म्हणून आठ मिलिमीटरचे होते. सुया ठेवायला मापाची अडचण नव्हती.

एक हिशेब मात्र राहतो. शंभर वर्षे सरकारने अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर नजर ठेवली. कोण कोणत्या बोअरने सरकारवर गोळी झाडू शकेल, याची काळजी घेतली. किती वाघ मारले जातात हे मोजायची तेवढी निकड कोणाला भासली नाही. बंदी .४५० वर आली, वाघ मारण्यावर नाही. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यावा लागला. तोवर ज्या जंगलात आजोबा डबे बडवत, तिथून वाघ नाहीसाच झाला होता.

मोठ्या बोअरचे काडतूस आज शिकारीतून उठून लष्करात गेले आहे. तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्यात बनलेली 'विध्वंसक' रायफल १२.७ मिलिमीटरची आहे. तिचे लक्ष्य वाहने, बंकर, रडार. नळी आणि काही भाग बदलले की तीच १४.५ मिलिमीटरची होते. हे वाचून मला हसू आले. हत्यार स्वतःच्याच हाती राहणार याची सरकारला खात्री असली की सगळी मापे एकमेकांशी जुळतात.

गौताळा औट्रम घाट १९८६ पासून अभयारण्य आहे. मार्च २०२१ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेते, रस्ते, नाले ओलांडत शेकडो किलोमीटर चालत तो आला होता. आजोबा तोवर राहिले नव्हते. बातमी आजीला वाचून दाखवली तेव्हा तिने विचारले, "हाकारा कोणी घातला?" मी म्हटले, "कोणीच नाही, आपला आपण आला." ती बराच वेळ काही बोलली नाही.

बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तीस वर्षे लागली. जॉन स्मिथच्या काळची बंदूक ठासणीची होती. तिला माप होते, पण त्या मापाला अजून कोणाची धास्ती चिकटलेली नव्हती. ती पुढे चिकटली. स्नेहमेळाव्याला पुंगळी घेऊन येते आहे. सुया काढून ठेवल्या आहेत.